डागसुद्धा छापलेला होता

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या आणि जुन्या चित्रांचा नाद असलेल्या मराठी मंडळींनी हे जरूर वाचावं. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट, त्याच्या नावावर इथे काहीही खपतं.

माझ्या गळ्यात मारलं ते तपकिरी शाईतलं रेखाटन: खुर्चीत बसलेली बाई, मांडीवर पुस्तक, मान खाली. ‘रेम्ब्रांटच्या एखाद्या शिष्याचं’ म्हणून दुकानदाराने ९०० युरो घेतले. कागद पिवळट, कोपऱ्यात जुन्या संग्राहकाचा बारीक शिक्का. वर आपुलकीचा सल्ला, “फ्रेम उघडू नका, मागची पट्टी जुनी आहे, किंमत उतरेल.”

उघडली. कागदाची पाठ कोरी करकरीत! त्या काळी मायफळ आणि हिराकस यांची शाई सर्रास वापरत (बाळगुटीत उगाळतो तेच मायफळ). ती आम्लधर्मी असते, कागद हळूहळू खाते, आणि जाड रेघा मागून उमटतात. काजळीची शाई असेल तर असं होत नाही, म्हणून एवढ्यावरून निकाल लावू नका. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. हाताने ओढलेल्या दोन रेघा जिथे छेदतात तिथे शाई सहसा गडद होते. इथे सगळं एकसारखं, आणि शाईऐवजी वाळूसारखे वेडेवाकडे कण. शिक्काही त्याच रंगाचा, त्याच कणांचा. म्हणजे सगळंच छापलेलं.

संग्राहकांच्या शिक्क्यांची फ्रिट्स लुख्टने १९२१मध्ये छापलेली सूची आता इंटरनेटवर फुकट पाहता येते. ज्याची ही छापील नक्कल, तो अस्सल शिक्का तिथे सापडला. त्यावरून मूळ रेखाटन कुठल्या संग्रहालयात आहे तेही कळलं. त्यांच्या छायाचित्राशी रेघन् रेघ जुळली, झग्याजवळचा ओलीचा डागसुद्धा.

अशा प्रती मुळात प्रामाणिक माल. बर्लिनच्या फ्रीड्रिश लिपमानने १८८८पासून रेम्ब्रांटच्या रेखाटनांच्या हुबेहूब प्रती प्रसिद्ध केल्या. लबाडी सुरू होते ती पान सुटं करून फ्रेममध्ये कोंबल्यावर.

पावतीवर फक्त ‘जुनं चित्र, तपकिरी’. शिष्याचं नाव नाही, शतक नाही, ‘हाताने काढलेलं’ हेही नाही. हे शब्द पैसे देण्याआधी लिहून घ्या. व्यापाऱ्याकडून ऑनलाइन घेतलेली वस्तू युरोपीय संघात साधारणपणे १४ दिवसांत परत करता येते, दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूला तो हक्क नाही.

दुकानदार आता ती प्रत ४० युरोंना परत घ्यायला तयार आहे, पट्टी पूर्वीसारखी चिकटवून दिली तर. मी दिलेली नाही. मागे पेन्सिलीने ‘छापील प्रत’ असं डचमध्ये लिहून ठेवलंय.