वॉकर अँड हॉलचे मुलाम्याचे काटे-चमचे : अनेक महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

शेफील्डच्या वॉकर अँड हॉल या कंपनीने घडवलेला, चांदीचा मुलामा असलेला सहा जणांचा काटे-चमच्यांचा जुना संच गेले अनेक महिने आमच्या बर्मिंगहॅमच्या घरी रोजच्या जेवणात वापरात आहे. असे संच इंग्लंडमधल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात अजून मुबलक मिळतात आणि त्यांची किंमत बहुधा चांगल्या प्रतीच्या नव्या स्टेनलेस स्टीलच्या संचाच्या आसपासच असते. तरीही ते घेणारी पुष्कळ माणसे ओकच्या लाकडी पेटीत ते जपून ठेवतात आणि सणावाराला किंवा पाहुणे आल्यावरच बाहेर काढतात. माझा अनुभव असा आहे की, या वस्तू रोज वापरल्या आणि रोज धुतल्या तरच त्या उजळ राहतात, आणि विकत घेताना कंपनीच्या नावापेक्षा झिजेच्या जागा अधिक बारकाईने पाहाव्या लागतात.

आमच्या संचातील प्रत्येक चमच्याच्या दांड्यामागे छोट्या पताकेत कंपनीची आद्याक्षरे आहेत आणि त्यांच्या शेजारी ई, पी, एन, एस ही चार अक्षरे वेगवेगळ्या चौकटींत ठोकलेली आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा अस्सल चांदीचा हॉलमार्क वाटू शकतो, पण इंग्लंडमधील स्टर्लिंग चांदीवर असतो तो चालणारा सिंह येथे नाही. अक्षरांचा अर्थ एवढाच की, निकेल सिल्व्हर या मिश्रधातूवर विजेच्या साहाय्याने चांदीचा थर चढवला आहे. आपल्याकडे ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात तो हाच मिश्रधातू असून त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी अजिबात नसते. काही नगांवर ‘ए वन’ असेही लिहिलेले असते. ती उत्तम प्रतीच्या मुलाम्याची खूण मानली जाते खरी, पण ती कारखानदाराने स्वतः लावलेली प्रत आहे, सरकारी तपासणीचा शिक्का नव्हे.

या प्रक्रियेचा इतिहास मी राहतो त्याच शहरातला आहे. जॉन राइट या बर्मिंगहॅमच्या शल्यचिकित्सकाला पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणातून चांदीचा घट्ट, एकसंध थर चढवता येतो असे आढळले, आणि ती पद्धत समाविष्ट करून जॉर्ज व हेन्री एल्किंग्टन या चुलत भावांनी १८४० साली पेटंट घेतले. त्यापूर्वी शेफील्डमध्ये थॉमस बोल्सोव्हरच्या पद्धतीने, म्हणजे तांब्याच्या जाड पत्र्यावर चांदीचा पातळ पत्रा उष्णतेने जोडून, वस्तू घडवल्या जात. ती चांदी झिजली की खालचा तांबूस रंग उघडा पडे, आणि दाते व वळणे असलेले काटे-चमचे त्या पत्र्यातून करणे अवघडही होते. एल्किंग्टनच्या पद्धतीत वस्तू आधी पूर्ण घडवून मग मुलामा दिला जातो, त्यामुळे काटे-चमच्यांसाठी ती फारच सोयीची ठरली. वॉकर अँड हॉल १८४५ मध्ये सुरू झाली ती याच लाटेत. पॅरिसच्या शार्ल क्रिस्टोफल यांनीही १८४२ मध्ये फ्रान्ससाठी या पेटंटचे हक्क मिळवले होते.

आता झिजेविषयी, कारण खरेदीचा सगळा कस तिथेच लागतो. चमचा टेबलावर ठेवला की त्याच्या खोलगट भागाची खालची बाजू टेकते, आणि बहुतेक चमच्यांवर चांदी सर्वांत आधी तिथेच जाते. काट्यांच्या बाबतीत दात्यांची टोके आणि दांडा वळतो तो मागचा भाग पाहावा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली हे मुळीच कळत नाही, म्हणून नग खिडकीशी नेऊन तिरका धरावा. चांदी शुभ्र आणि किंचित उबदार दिसते, तर निकेल सिल्व्हरमध्ये पिवळट करडी झाक असते. आमच्या दोन चमच्यांवर घेतानाच नखाएवढा असा डाग होता आणि तो इतक्या वापरानंतरही डोळ्यांना जाणवण्याइतका पसरलेला नाही. मात्र दाते झिजून आखूड किंवा असमान झाले असतील तर तो काटा, नाव कितीही मोठे असले तरी, सोडून द्यावा, कारण मुलामा पुन्हा देता येतो पण झिजलेली धातू परत येत नाही. शिवाय पुन्हा मुलामा देण्याचा खर्च अनेकदा संचाच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

वापरायला हे चमचे सुखाचे आहेत. दांडा मधोमध भरीव असल्यामुळे चमचा बोटांवर स्थिर बसतो आणि त्याच्या कडा तोंडात कुठेही बोचत नाहीत. इंग्रजी संचातला सर्वांत मोठा चमचा आपल्या तोंडाला मोठा पडतो. तो आम्ही आमटी आणि भाजी वाढायला ठेवला आहे, तर भात, पोहे आणि उपमा यांसाठी त्याहून लहान डेझर्टचा चमचा अगदी योग्य मापाचा आहे.

आपल्या स्वयंपाकामुळे चांदी लवकर काळवंडेल ही भीती काही अंशी खरी आहे. काळेपणा येतो तो गंधकामुळे, आणि अंडी, कांदा, हिंग या सर्वांत गंधकाची संयुगे असतात. सर्वांत जलद परिणाम मला काळ्या मिठाचा दिसला. चाट खाऊन चमचा तसाच राहिला तर रात्रीपर्यंत त्यावर तपकिरी छटा येते. साधे मीठही ओल्या चांदीवर राहू देऊ नये. जेवण झाल्याबरोबर कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन कोरडे पुसले की यांपैकी काहीही त्रास देत नाही. रोजच्या पुसण्यानेच चकाकी टिकत असल्यामुळे पॉलिशची गरज क्वचित पडते.

देवाची चांदीची उपकरणी रांगोळीने किंवा दंतमंजनाने घासण्याची आपल्या घरांतली पद्धत मात्र येथे पूर्णपणे वर्ज्य आहे. भरीव चांदीला ते काही काळ सोसते, पण मुलाम्याचा थर अतिशय पातळ असतो आणि प्रत्येक घासण्याबरोबर तो कायमचा कमी होतो. काळे पडलेले नग भांड्यात ॲल्युमिनियमच्या फॉईलवर ठेवून वर गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालावा. ॲल्युमिनियममुळे काळ्या थराचे पुन्हा चांदीत रूपांतर होते, चांदी खरवडली जात नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ठेवायचे असल्यास रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्र यांपासून हे नग दूर ठेवणे आवश्यक आहे.

संचाचा कमकुवत भाग म्हणजे सुऱ्या. पात्यांवर ‘फर्थ स्टेनलेस’ असे कोरलेले आहे. हॅरी ब्रेअर्लीने शेफील्डमध्ये १९१३ साली गंज न चढणारे पोलाद तयार केले, त्यामुळे या सुऱ्या त्यानंतरच्या हे निश्चित कळते, पण त्यांची धार फार लवकर बोथट होते. पांढऱ्या मुठी सेल्युलॉइडच्या असून पाते आत राळेने बसवलेले आहे, म्हणून त्या गरम पाण्यात भिजवता येत नाहीत आणि डिशवॉशर तर या सुऱ्यांना सैल करून सोडतो. खऱ्या हस्तिदंती मुठींचा संच भारतात नेण्याचा विचारही करू नये. तिथे हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे.

तुलनेसाठी आमच्याकडे जर्मनीतील गाइसलिंगनच्या डब्ल्यूएमएफ या कंपनीचे काही छोटे, मुलाम्याचेच चमचे आहेत. त्यांच्यावरचा ९० हा आकडा पाहून ते नव्वद टक्के चांदीचे असल्याचे सांगणारे विक्रेते भेटतात. प्रत्यक्षात तो आकडा बारा मोठे चमचे आणि बारा मोठे काटे यांच्यावर मिळून ९० ग्रॅम चांदी चढवल्याचे सांगतो. जर्मनीत घडवलेल्या खऱ्या चांदीच्या वस्तूंवर बहुधा ८००, म्हणजे हजारात आठशे भाग चांदी, असा आकडा असतो. ग्रॅम उघड सांगण्याची ही पद्धत मला इंग्रजी कारखान्यांच्या ‘ए वन’पेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते, आणि ते चमचे झिजलेही कमी आहेत.

संचात सूपचे चमचे नाहीत, ते मी सध्या शोधत आहे. आमची नक्षी ‘ओल्ड इंग्लिश’ म्हणजे अगदी साधी, दांड्याचे टोक गोल आणि किंचित खाली वळलेले अशी आहे. ती एल्किंग्टन, मॅपिन अँड वेब, जेम्स डिक्सन अशा जवळजवळ सर्वच इंग्रजी कंपन्यांनी घडवली असल्यामुळे एकाच कंपनीचे नग मिळवण्याचा आग्रह धरावा लागत नाही. फक्त घरचा एक चमचा खिशात घेऊन जावे आणि लांबी व टोकाचा गोलवा जुळतो का ते तिथेच शेजारी धरून पाहावे.