कसबा मतदारसंघाचा अहवाल विकत घेण्याजोगा आहे का?

विधानसभा मतदारसंघांची माहिती संकलित करून विकणाऱ्या एका संकेतस्थळावरून मी पुण्याच्या कसबा पेठ मतदारसंघाचा (क्रमांक २१५) अहवाल विकत घेतला. मी शनिवार पेठेत वाढलो, आजही तिथेच मतदान करतो; त्यामुळे आपल्या पेठांच्या मतदानाचा इतिहास एका ठिकाणी वाचायला मिळेल, ही मोठी उत्सुकता होती.

संकलनाबद्दल तक्रारीला जागा नाही. १९९५ पासून सलग पाच वेळा निवडून आलेले भाजपचे गिरीश बापट, २०१९ मध्ये ते लोकसभेवर गेल्यानंतर सुमारे २८ हजारांच्या फरकाने जिंकलेल्या भाजपच्याच मुक्ता टिळक, डिसेंबर २०२२ मध्ये झालेले त्यांचे निधन आणि फेब्रुवारी २०२३ ची पोटनिवडणूक, हा सगळा क्रम उमेदवारनिहाय मतांसह नीट मांडलेला आहे. तक्ते स्वच्छ आहेत, मोबाइलवरही वाचता येतात, आणि मला पडताळता आलेल्या आकड्यांत एकही चूक सापडली नाही. एवढ्या कामासाठी स्वतः जुने निकाल शोधत बसावे लागले असते तर दोन दिवस सहज गेले असते.

अडचण विवेचनाच्या भागात आहे. पहिल्याच पानावर कसब्याला ‘भाजपचा बालेकिल्ला’ म्हटले आहे आणि २०२३ मधला भाजपचा पराभव ‘अपवाद’ ठरवून दोन ओळींत संपवला आहे. अहवालातलेच आकडे शेजारी शेजारी ठेवले तर हा निष्कर्ष टिकत नाही. २००९ मध्ये मनसेचे रवींद्र धंगेकर आणि काँग्रेसचे रोहित टिळक दोघेही रिंगणात होते. बापट सुमारे आठ हजारांनी निवडून आले खरे, पण या दोघांच्या मतांची बेरीज बापटांच्या मतांपेक्षा कितीतरी जास्त होती. त्याही आधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या वसंत थोरात यांनी बापटांचाच पराभव केला होता. म्हणजे विरोधी मते एकवटली की हा किल्ला डळमळतो, हे २०२३ च्या कितीतरी आधी दिसून आले होते.

सर्वांत मोलाची तुलना तर अहवालाने केलेलीच नाही. २०१९ मध्ये मुक्ता टिळक यांना ७५ हजारांवर मते होती. २०२३ मध्ये त्याच पक्षाचे हेमंत रासने ६२ हजारांच्या घरात थांबले आणि काँग्रेसकडून लढलेले धंगेकर ७३ हजारांवर पोहोचून सुमारे ११ हजारांनी जिंकले. २०२४ मध्ये रासने ९० हजारांवर गेले, तर धंगेकरांची मते ७० हजारांच्या आसपास राहिली. धंगेकरांची मते फारशी घटली नाहीत. मधल्या पावणेदोन वर्षांत बदलला तो घरी बसलेल्या मतदारांचा निर्णय. २०२३ मध्ये भाजपने टिळक घराण्याला उमेदवारी नाकारल्याची नाराजी सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठांत उघडपणे बोलली जात होती, आणि प्रकृती अत्यंत खालावलेली असताना, नाकात नळी घेऊन बापट केसरीवाड्यात कार्यकर्त्यांसमोर आले, तेही त्याच प्रचारात. यातले काहीही अहवालात नाही.

माझ्या डोळ्यांसमोरचे एक उदाहरण सांगतो. आमचा वाडा पाडून इमारत झाली तेव्हा अकरा बिऱ्हाडांपैकी चारच परतली. उरलेली कोथरूडला आणि सिंहगड रस्त्याला गेली, पण कित्येकांची नावे याच यादीत राहिली. त्यांतले एक आजोबा दर निवडणुकीला सकाळीच रिक्षाने येत, मतदान करून आमच्याकडे चहा घेत आणि शाई लागलेले बोट नातवंडांना दाखवायला परत जात. २६ फेब्रुवारी २०२३ चा रविवार होता, तरीही ते आले नाहीत. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात मात्र मुलाला घेऊन आले. मध्यवर्ती पेठांत सुमारे निम्म्याच नावांवर मतदान का होते, याचे एक मोठे कारण या स्थलांतरात आहे, आणि मतदारसंघाच्या अहवालात त्याला एक तरी प्रकरण मिळायला हवे होते.

दुसरी उणीव केंद्रनिहाय मतांची. निवडणूक आयोगाच्या नमुना २० या निकालपत्रकात प्रत्येक मतदान केंद्रावरील मते मिळतात. त्यावरून पश्चिमेकडच्या पेठा आणि लोहियानगरसारखा पूर्वेकडचा दाट वस्तीचा भाग यांच्यातला फरक नकाशावर दाखवणे अवघड नव्हते. या अहवालात नकाशा आहे, परंतु त्यावर फक्त हद्द आखलेली आहे. तसेच मतदारसंघांच्या हद्दी बदलणाऱ्या २००८ च्या पुनर्रचनेचा उल्लेख एका तळटीपेत उरकल्यामुळे, त्याआधीचे आणि नंतरचे निकाल एकाच आलेखात जोडलेले पाहून नवख्या वाचकाची दिशाभूल होऊ शकते.

संदर्भासाठी तक्ते हवे असलेल्या पत्रकारांनी आणि विद्यार्थ्यांनी हा अहवाल जरूर घ्यावा. ज्याला कसब्यात प्रचार करायचा आहे किंवा इथला मतदार समजून घ्यायचा आहे, त्याने मात्र तक्ते तेवढे ठेवून विवेचनाची पाने बाजूला ठेवावीत. मी संकेतस्थळाला केंद्रनिहाय नकाशांची सूचना लेखी कळवली आहे. ती पुढील आवृत्तीत आली तर पुन्हा पैसे मोजण्याची माझी तयारी आहे.