कॉइल, डांबरगोळ्या, ऍसिड की कडुनिंब-लिंबू: घरातलं नक्की काय बदलायचं?

घरात बाळ येणार असलं किंवा आईबाबांना दम्याचा त्रास सुरू झाला की प्रश्न येतोच, सगळी केमिकल्स फेकून नॅचरल आणायचं का? माझं स्पष्ट मत, सगळं नाही. काही गोष्टी आजच काढा, काही ठिकाणी मात्र केमिकलच ठेवा. वस्तू घ्यायच्या आधी दोनच गोष्टी बघा, ती श्वासातून आत जाते का आणि लहान मुलाच्या तोंडात जाऊ शकते का. पाकिटावर हिरवं पान छापलंय म्हणून यातलं काही बदलत नाही.

सुरुवात डासांपासून, कारण खाडी, नाले आणि चारी बाजूला बांधकामं, ठाणे असो की ऐरोली-घणसोली, डासांपासून सुटका नाही. कॉइल सगळ्यात वाईट. 2003 च्या एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळल्यावर जेवढे बारीक कण निघाले ते 75 ते 137 सिगारेटींएवढे होते, आणि आपण ती पलंगाखाली लावून खिडक्या बंद करून झोपतो! लिक्विडच्या मशीनला धूर नाही म्हणून ते बरं, पण कीटकनाशक हवेत सोडूनच ते काम करतं. मग हर्बल अगरबत्ती, कडुनिंबाची धुरी? धूर तो धूरच, पाल्याचा असला तरी दमेकऱ्याला त्रास व्हायचा तो होतोच. इथे खरा पर्याय म्हणजे खिडकीला जाळी आणि रात्री मच्छरदाणी. भाड्याचं घर असेल तर वेल्क्रोची जाळी लावा, सोडून जाताना काढून नेता येते. पण डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, त्यामुळे एकदा फ्रिज पुढे ओढून मागचा ट्रे बघाच, तळाशी बोटभर पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर नवल नाही. तुळशीच्या कुंडीखालची ताटली, एसीच्या पाइपखालची बादली पण बघा. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं ओतून, घासून कोरडं केलं की झालं.

दुसरं म्हणजे डांबरगोळ्या, आणि याबद्दल मला मनापासून सांगायचंय. आपल्याकडे बाळाला जुनी झबली, दुपटी, मऊ साडीची गोधडी द्यायची पद्धत आहे, छानच आहे, पण हे कपडे वर्षानुवर्षं पेटीत डांबरगोळ्यांत पडलेले असतात. काही बाळांमध्ये जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांना डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे रक्तातल्या लाल पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते, आणि घरच्यांना आधी काहीच कल्पना नसते. असे कपडे आधी नीट धुवा आणि कडक उन्हात वाळवा. पेटीत कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण सुकलेला हवा, नाहीतर आपल्या पावसाळ्यात बुरशी येते. पाल्याचा परिणाम गोळ्यांएवढा नाही, कपडे स्वच्छ धुवून, वाळवून ठेवणं हेच खरं काम करतं. कापूर नॅचरल म्हणून कपाटात टाकतात, पण लहान मुलाने गिळला तर झटके येऊ शकतात, तेव्हा वरच्याच कप्प्यात.

आता बाथरूम. घोडबंदर रोडला टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर नळावरचा पांढरा थर माहीतच असेल. त्यासाठी दारावर येणारं बिनलेबलचं ऍसिड घेऊ नका, किराणा दुकानातलं लिंबू फूल (सायट्रिक ऍसिडची पावडर) पुरतं. मगभर गरम पाण्यात दोन चमचे विरघळवा, फडकं भिजवून नळाला गुंडाळा आणि अर्धा तास सोडा, मग जुन्या टूथब्रशने घासलं की थर सुटतो. फक्त कडप्पा, कोटा, मार्बलवर लिंबू, व्हिनेगर काहीच नको, हे चुन्याचेच दगड, आंबट लागलं की चमक जाते. ग्रॅनाइटला चालतं. कमोडसाठी नेहमीचं क्लीनर वापरलंत तर त्यावर ब्लीच कधीच ओतू नका, क्लोरीन वायू निघतो. व्हिनेगर आणि ब्लीचचंही तेच. आणि तो फसफसणारा व्हिनेगर-सोडा एकत्र करायचा प्रकार सोडून द्या, दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळपास खारट पाणीच.

घरात कोणाला उलट्या-जुलाब झाले तर मात्र व्हिनेगरच्या भरवशावर राहू नका, पातळ केलेलं ब्लीचच हवं, खिडकी उघडी ठेवून.

झुरळांसाठी तमालपत्र, काकडीची सालं वगैरे करून बघायला हरकत नाही पण घर भरलं असेल तर उपयोग शून्य. स्प्रे हवेत उडतो, खडू मुलांच्या हाती लागतो, म्हणून माझं मत जेलला, बिजागरीत आणि सिंकखाली बारीक ठिपके. बोरिक पावडर घरगुती उपाय म्हणून सांगतात, पण पोटात गेली तर तीही विषच.

फरशीला रोज साधं पाणी आणि थोडा साबण पुरतो. मांजर असेल तर काळं फिनेल अजिबात नको, आणि टी ट्री तेलही नको.

हवा शुद्ध करायला झाडं? हौस म्हणून जरूर लावा, पण 2019 च्या एका आढाव्याप्रमाणे परिणाम दिसायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. त्यापेक्षा फोडणी देताना एक्झॉस्ट लावा.

नॉनस्टिक लगेच फेकायची गरज नाही, पण रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवू नका, साधारण 260 अंशांच्या पुढे कोटिंग खराब व्हायला लागतं आणि तो धूर लव्हबर्ड्ससारख्या पक्ष्यांना मारू शकतो. खरवडलेला झाला की बिडाचा घ्या. इंडक्शनवरही चालतो, फक्त काचेवर ओढू नका, उचलून ठेवा.