सदाशिव पेठेतली अभ्यासिका: फ्रीलान्स रायटरने लावावी का?

आधीच सांगते, हा रिव्ह्यू एमपीएससीवाल्यांसाठी नाहीये, त्यांना पेठेतल्या अभ्यासिकांचं माझ्यापेक्षा जास्त माहितीये. ज्यांनी नुकतीच लिखाणाची कामं घ्यायला सुरुवात केलीये आणि को-वर्किंगचे दर बघून टॅब बंद केलाय त्यांच्यासाठी आहे. नाव मुद्दाम देत नाही, पेरूगेटपासून नवी पेठेपर्यंत गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत आणि नियम सगळीकडे साधारण सारखेच.

फी महिन्याला हजार-दीड हजार, एसी हॉल पाहिजे तर जास्त, लॉकरचं डिपॉझिट वेगळं. आता गणित बघा, नवीन असताना एजन्सीवाले शब्दाला २५ ते ५० पैसे टेकवतात, ५० पैसे धरले तरी हजार शब्दांच्या लेखाचे ५०० रुपये होतात, म्हणजे तीन लेखांत जागेचं भाडं सुटतं. (ते ५०० हातात कधी पडतात ते पुढे सांगते.)

तर मिळतं काय? तीन बाजूंनी प्लायवूडचं पार्टिशन, खुर्ची, चार्जिंग पॉइंट, बरं चालणारं वायफाय. आणि मुख्य म्हणजे कुणी हाक मारत नाही. घरून काम करताना आपण काम करत नसतोच, आपण फक्त घरी असतो, त्यामुळे सिलेंडर आला, कुरियर आलं, "अगं तू आहेसच ना घरी, मग जरा दळण टाकून ये" हे दिवसभर चालू, आणि आत्या आली की "मग सध्या काय चाललंय?" वेगळंच. इथे आजूबाजूला सगळे मान खाली घालून बसलेले असतात त्यामुळे आपल्यालाही लाजेकाजेस्तव बसावं लागतं. त्यात २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यामुळे शेजारची पोरं आता टिकमार्क करत नाहीत, टायमर लावून पानंच्या पानं उत्तरं लिहितात, वेळ संपली की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली. मी ते उचललं, पहिला ड्राफ्ट कागदावर, टायमर लावून, आणि खरंच फरक पडला.

लॅपटॉपवाल्यांनी मात्र आधी चौकशी करा. बऱ्याच ठिकाणी मेन हॉलमध्ये टायपिंग चालत नाही, लॅपटॉपचा हॉल वेगळा असतो आणि तो लहान असतो. खटखट वाजणारा कीबोर्ड असेल तर तो घरीच ठेवा, इथली मुलं बोलत नाहीत, नुसती वळून बघतात आणि तेवढं पुरतं.

आता खरी अडचण. फ्रीलान्सिंग म्हणजे शांतपणे बसून लिहायचं असं वाटतं ना, तर सुरुवातीला लिखाण अर्धंच असतं, बाकी अर्धं फोन. क्लायंटला "पाच मिनिटं क्विक कॉल" पाहिजे असतो आणि तो नेमका आपली लय लागल्यावर येतो. दारावर पाटी आहे, "फोनवर बोलायचे असल्यास खाली जावे. जिना म्हणजे खाली नव्हे." त्यामुळे आपण पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे उभं राहून रेट वाढवून मागतोय आणि मागे टेम्पो रिव्हर्स घेतोय असा सीन असतो, तिकडून "आवाज येत नाहीये, आहे त्याच रेटला धरू ना?" आणि विषय संपला. फुकट सॅम्पल मागणाऱ्यांनाही तिथूनच नाही म्हणायचं, आणि महिनोन्महिने "इनव्हॉइस प्रोसेसमध्ये आहे" हेही तिथेच ऐकायचं.

पण गंमत म्हणजे या अडकलेल्या पैशांवरचा उपायही अभ्यासिकेतच मिळाला, खाली चहाच्या टपरीवर. इथे सीए करणारी मुलंपण असतात. त्यातल्या एकीने सांगितलं की उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून टाक, सरकारी पोर्टलवर फुकट होतं, एजंटला पैसे द्यायची गरज नाही, आणि काम घ्यायच्या आधी कर. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, तारीख ठरली नसेल तर १५ दिवसांत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. मी आता इनव्हॉइसच्या खाली उद्यम नंबर आणि ही एक ओळ टाकते, भांडायची वेळ कमी येते. शिवाय क्लायंटने १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला इन्कम टॅक्स) कापला तर ते पैसे बुडालेले नसतात, उत्पन्न कमी असेल तर रिटर्न भरून परत मिळतात, हेही तिथेच कळलं. एवढं एका कटिंगमध्ये कुठल्या कोर्सवाल्याने शिकवलं असतं?

बाकी किरकोळ. पाणी थंड असतं, बाथरूम सकाळीच स्वच्छ. मुलींचा सेक्शन वेगळा आहे आणि रात्रीपण सुरक्षित वाटतं. रविवारी संध्याकाळी मेस बंद, सोय आधीच करा.

पाचात साडेतीन. दिवसभर कॉल असणाऱ्यांनी नको, ज्यांना आठवड्याला चार-पाच लेख संपवायचेत त्यांनी नक्की लावा. आणि डिपॉझिट द्यायच्या आधी त्या सीटवर चार्जर लावून बघा, बंद पॉइंटवाली सीट नव्या माणसालाच देतात.