लाकडी पांगुळगाडा: दिवाळी ते पावसाळा, वापरून काय वाटलं

पांगुळगाडा घ्यावा की वॉकर, अशी चर्चा ज्यांच्या घरात सध्या चालू आहे त्यांच्यासाठी लिहितेय. आम्ही शहापूरला राहतो, बेळगावातच. घर जुनं, खोल्या एकामागे एक, प्रत्येक दाराला उंबरा आणि सोप्यातून, म्हणजे पुढच्या खोलीतून, रस्त्यावर उतरायला पायऱ्या. लेक नऊ-दहा महिन्यांची असताना, दिवाळीच्या आसपास गाडा आणला. आता ती दीड वर्षाची होत आली आहे आणि गाडा अजून रोज वापरात आहे. माझं मत आधीच सांगते: वस्तू चांगली, पैसे वसूल. पण गाड्यामुळे पोर चालायला शिकतं, असं जे आपल्याकडं सर्रास म्हणतात ते काही मला पटलेलं नाही.

आधी वस्तूबद्दल. गाडा खानापूरकडच्या एका सुताराकडून करून घेतला. कुणाच्या तरी दारं-खिडक्यांच्या कामातून उरलेलं सागवान होतं, त्यातला. १२०० रुपये घेतले. बाजारात रंगीत तयार गाडे याहून स्वस्त मिळतात, आम्ही दोन-तीन दुकानांत बघितले. दांडी हलवून बघितली की खिळे कुईकुई करतात आणि रंग नखाने निघतो. दात येणारं मूल समोरची दांडी पहिल्यांदा चावतं, चालणं नंतर. म्हणून आम्ही रंग नकोच म्हटलं. सुताराने काचपेपर मारून गुळगुळीत केला आणि घरी आल्यावर सासूबाईंनी खोबरेल तेलाचा हात फिरवला. तेवढं पुरलं.

करून घेणार असाल तर मापाकडे लक्ष द्या, कारण गाड्याचं सगळं बरंवाईट मापातच आहे. मूल उभं राहिलं की दांडी बेंबीच्या वर आणि छातीच्या खाली यायला हवी. उंच झाली तर मूल लोंबकळतं, बुटकी झाली तर वाकून पुढे झुकतं. दुसरी गोष्ट मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आसाची. दांडी सरळ आसाच्या डोक्यावर उभी असेल तर पाऊल टाकताना पोराची नडगी आसावर आपटते. म्हणून दांडी थोडी मागे, पोराच्या बाजूला कललेली लागते. पण फार कलली तर पोराने भार टाकल्याबरोबर पुढचं चाक उचलतं आणि गाडा अंगावर येतो. आमच्या सुताराला हे पाठ होतं. त्याने पुढच्या चाकावर एक छोटी फळी ठोकून दिली आणि म्हणाला, "वैनी, हितं वजन बांधा. पोरगी उभी ऱ्हायली की गाडा उलटणार न्हाई." आम्ही बांधकामावरची वाळू जुन्या सुती पिशवीत भरून, तोंड शिवून त्या फळीला बांधली. सुरुवातीला जास्त वाळू, पाय स्थिर झाल्यावर कमी. हा साधा इलाज गाड्यातला सगळ्यात उपयोगी भाग ठरला.

जमिनीचं सांगायचं तर माजघरात शहाबादी फरशी आहे, तिथे गाडा अगदी बेताने चालतो. फरशीचे सांधे आणि थोडा खरखरीतपणा चाकांना आवर घालतात. सोप्यात मात्र चार वर्षांपूर्वी चकचकीत टाईल्स घातल्या. तिथे गाडा पुढे पळायचा आणि लेक मागे आडवी व्हायची. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून चाकांवर ताणून बसवल्या. खडखड कमी झाली आणि घसरणंही थांबलं. दुपारी कुणी झोपलं असेल तर नुसत्या लाकडी चाकांचा आवाज सहन होत नाही, हे शेजारच्या घरानेही कळवलं होतं.

आता चालण्याबद्दल. बाळंतपणात लेकीला न्हाऊ घालायला येणारी मावशी तिला काखेत धरून उभी करायची. पाय पाटाला लागले की लेक एकेक पाय उचलायची. मावशी म्हणायची, "ही लवकर चालणार बघा." तसं पाय उचलणं सगळ्याच नवजात बाळांत दिसतं आणि दोनेक महिन्यांत ते बंद होतं. आमच्याकडंही झालं, आणि सासूबाईंना चुटपुट लागली की पोरगी विसरली की काय. १९८४ साली अमेरिकेत बालविकासाच्या अभ्यासक एस्थर थेलन यांनी अशा बाळांचे पाय पाण्यात बुडवून बघितले, तर पाण्यात तीच हालचाल पुन्हा दिसली. म्हणजे विसरण्याचा प्रश्न नव्हता. तेवढ्या आठवड्यांत पाय गुबगुबीत होतात, जड होतात आणि बाळाची ताकद त्यांना उचलायला कमी पडते. मला हे वाचून फार बरं वाटलं. चालणं म्हणजे एक दिवस डोक्यात पेटणारा दिवा नाही. ताकद, वजन, तोल हे सगळं आपापल्या वेळेने जुळून येतं. त्यात बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं, त्यामुळे तोल सांभाळणं आणखी अवघड.

गाडा आला तेव्हा लेक धरून उभी राहात होती आणि खिडकीच्या गजांना, तांदळाच्या डब्याला धरून बाजूला सरकत होती. गाडा या टप्प्यावरच द्यावा. नीट बसताही न येणाऱ्या मुलाला दांडी धरायला लावणारे लोक मी बघितलेत, त्याचा काही उपयोग नाही. पहिले काही आठवडे तर तिने गाडा ढकललाच नाही. चाक फिरवत बसायची. मग कधीतरी दांडी धरून उभी राहिली, गाडा जरा सरकला, ती दचकून खाली बसली आणि स्वतःच हसली. तिथून पुढे मात्र गाडा सोडायची नाही. भिंतीला धरून सरकताना मूल आडवं चालतं. गाड्याने समोर चालायची मुभा मिळते आणि भार मुलाच्या स्वतःच्याच पायावर राहतो. गाड्याची खरी किंमत एवढीच आहे.

बसायचा वॉकर नेमका इथे उलटा पडतो. आमच्याकडं तोही आला होता, भेट म्हणून, दिवे आणि गाणी असलेला. त्यात मूल झोळीत टांगलेलं असतं, चवड्यांनी जमीन रेटतं आणि स्वतःचे पायही त्याला धड दिसत नाहीत. तोल सांभाळायची गरजच पडत नाही. २००२ साली छापून आलेल्या आयर्लंडमधल्या एका पाहणीत असं दिसलं की वॉकरमध्ये एकूण चोवीस तास गेले की एकटं चालणं सरासरी तीनेक दिवसांनी लांबलेलं असतं. ते राहू द्या, मला खरी भीती आमच्या पायऱ्यांची वाटली. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात पंधरा महिन्यांखालच्या दोन लाख तीस हजारांहून जास्त मुलांना वॉकरच्या अपघातामुळे इस्पितळात न्यावं लागलं, आणि त्यातली जवळपास तीन चतुर्थांश जिन्यावरून पडलेली होती. कॅनडात तर २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी आहे. आपल्याकडं उंबरे आणि पायऱ्यांच्या घरांत तो बिनदिक्कत फिरतो. देणाऱ्याचं मन दुखवायचं नाही म्हणून आम्ही तो ठेवला, पण कपड्यांच्या घड्या ठेवायला.

गाडाही पायरीवरून जाऊ शकतो, हे विसरू नका. वेग कमी असला तरी मोठ्या माणसाची नजर लागतेच. सोप्याच्या दारात आम्ही आडवी फळी लावली आणि गाडा वापरून झाला की कोपऱ्यात उलटा करून ठेवायचो. नाहीतर मूल त्यालाच धरून उभं राहायला जातं आणि तो सरकतो.

बाराव्या महिन्यानंतर गल्लीत चौकशी सुरू झाली. "चालाय लागली काय न्हाई अजून?" समोरच्या अक्का तेच कन्नडात विचारायच्या. कुणाची नात दहाव्या महिन्यात पळत होती, कुणाचा भाचा अकराव्यात. अंगणवाडीत वजनाला गेले तेव्हा तिथल्या बाईंनी तायी कार्ड (कर्नाटकात आई-बाळाच्या तपासणीच्या नोंदींचं कार्ड) बघून वजन ठीक आहे म्हणून सांगितलं आणि चालण्याची घाई करू नका म्हणाल्या. नंतर मी आकडे शोधले. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या निरोगी मुलांवरून जे टप्पे काढले, त्यांत आधाराशिवाय चालायला लागण्याचा पल्ला ८.२ ते १७.६ महिने असा आहे. केवढा मोठा पल्ला! दहाव्या महिन्यातली नात आणि सोळाव्या महिन्यातला नातू, दोघंही त्यात बसतात. आणखी एक गंमत म्हणजे त्यातली शंभरात चारेक मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. ढुंगणावर सरकत जाणाऱ्या पोरांच्या आयांनी जरा निवांत राहावं.

आमची शिमग्याच्या सुमारास, चौदाव्या महिन्यात एकटी चालली. गंमत अशी की त्या दिवशी गाडा जवळ नव्हताच. एका हातात पळी होती आणि ती आज्जीकडे निघाली होती. म्हणून म्हणते, श्रेय गाड्याला देऊ नका. त्याशिवायही ती त्याच सुमाराला चालली असती.

सुरुवातीचं ते चालणं बघण्यासारखं असतं. पाय फाकलेले, पंजे बाहेर वळलेले, दोन्ही हात खांद्यापर्यंत वर, जणू डोक्यावरची घागर सावरत निघालीय. टाच आधी टेकत नाही, अख्खा तळवा एकदम फरशीवर पडतो. आमच्या शहाबादीवर तो फट-फट आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. पुढच्या दोन-तीन महिन्यांत हात हळूहळू खाली आले आणि पायांतलं अंतर कमी झालं. टाच आधी टेकून, हात हलवत चालणं यायला अजून वेळ आहे. मोठ्यांसारखी चाल तीन वर्षांच्या पुढे हळूहळू बसते.

पडण्याबद्दलही सांगायलाच हवं, कारण घरातले ज्येष्ठ प्रत्येक पडण्याला "आई गं" करतात. न्यूयॉर्कमध्ये संशोधक कॅरेन अडॉल्फ यांच्या गटाने २०१२ साली बारा ते एकोणीस महिन्यांच्या मुलांची मोजदाद केली. खेळताना ती मुलं तासाला सरासरी २३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. तासाला सतरा! मी हे मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा सासरे म्हणाले, "मग आमची कमीच पडते की." त्या दिवसापासून घरातली आरडाओरड निम्म्यावर आली. मूल बुटकं, वेग कमी, पडतं ते बहुधा ढुंगणावर. फर्निचरच्या कडा आणि उघडी विळी तेवढी सांभाळा.

डॉक्टरांना मी तीन गोष्टी विचारल्या. पाय धनुष्यासारखे बाकदार दिसतात त्याचं काय? दोन वर्षांपर्यंत ते बहुतेक मुलांत असतं, पुढे तीन-चारच्या सुमाराला गुडघे उलट आत येतात आणि सात वर्षांपर्यंत सरळ होतात. मालीश करताना पाय ओढून सरळ करायची गरज नाही. तळवे सपाट आहेत? या वयात तळव्याखाली चरबी असते, कमान नंतर दिसते. बूट कुठले घ्यायचे? घरात अनवाणीच बरं, बोटांनी जमीन धरता येते. पीं-पीं वाजणारे बूट आम्ही गणपत गल्लीतून हौसेने आणले होते. त्यात ती चालण्याऐवजी एकाच जागी उड्या मारत बसायची. मात्र अठरा महिने होऊनही मूल एकटं चालत नसेल, चालताना एकच बाजू ओढत असेल, किंवा दोन वर्षांनंतरही कायम चवड्यांवरच चालत असेल, तर दाखवायला न्या असं त्यांनी बजावलं. बाक वाढत चालला असेल किंवा एकाच पायाला असेल तरीही. असा बाक मुडदुसाने, म्हणजे ड जीवनसत्त्व कमी पडून हाडं मऊ झाल्यानेही येतो, आणि मुडदूस आपल्या उन्हाच्या देशातही होतो.

आता गाड्याची तक्रार. आमचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. जूनमध्ये लाकूड फुगलं आणि डावं चाक आसावर घट्ट बसलं. गाडा सरळ जाण्याऐवजी गोल फिरायला लागला. लेकीला त्याचीच मजा वाटली, पण दांडीला पांढरी बुरशीही धरली. चाक काढून भोक आतून काचपेपरने घासलं, मेण लावलं, बुरशी कोरड्या फडक्याने पुसून गाडा चुलीच्या खोलीत ठेवला. एका खिळ्याचं डोकं गंजून वर आलं होतं, ते हाताला लागण्याआधी सासऱ्यांच्या नजरेला पडलं म्हणून बरं. करून घेताना खिळ्यांऐवजी स्क्रू आणि लाकडी खुंट्या मागा, शंभरेक रुपये जास्त पडले तरी चालतील.

सध्या ती गाडा चालण्यासाठी वापरत नाही, मालवाहतुकीसाठी वापरते. नारळ, दुधाची रिकामी पिशवी, आज्जीचा चष्मा, सगळं वाळूच्या पिशवीवर रचून घरभर फिरतं. चालायला लागल्यावर तो अडगळीत जाईल असं मला वाटलं होतं, पण ढकलणं, वळवणं, अडकला तर मागे ओढणं हे आत्ताच जास्त चाललंय.

फ्लॅटमध्ये राहात असाल, जागा कमी असेल आणि सगळीकडे टाईल्स असतील तर गाडा नाही घेतला तरी काही बिघडत नाही. प्लॅस्टिकची खुर्ची ढकलूनही पोरं चालतात. जुन्या घरात, मोकळ्या सोप्यात मात्र जरूर घ्या. फक्त पावसाळ्यात करायला टाकू नका. दिवाळीनंतर सुकलेलं लाकूड बघून सांगा, मूल सोबत न्या आणि दांडीचं माप त्याला उभं करून घ्या.