इंदिरानगरच्या काकूंचा शाळेचा डबा

लेक तिसरीत, सकाळची शाळा. माझी नाशिकच्या सातपूरला पहिली पाळी, म्हणून जूनपासून इंदिरानगरातल्या एका काकूंकडे डबा लावला. नाचणीची धिरडी एक नंबर! १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, आणि आमची बाई दुधाला शिवत नाही. मटकीच्या उसळीसोबत लिंबाची फोड असते, त्याने लोह अंगी लागतं. (मिसळीच्या गावात मटकी खपवायला काय लागतं म्हणा.) पण शुक्रवारी जाम-पोळी? बोलले, तर म्हणाल्या, "अहो ताई, तोच एक डबा चाटूनपुसून परत येतो." मेथीचे पराठे गार झाले की चामट. दप्तराला दोनदा तेल लागलं. महिन्याचे १२०० जरा जास्तच, तरी दिवाळीनंतरही चालू ठेवतेय.