17 जीएसएमचं क्रॉप कव्हर आणि उन्हाळी टोमॅटो: पंधरा दिवस मिळतात, पण कोणते?

उन्हाळी टोमॅटोवर घालायचं पांढरं क्रॉप कव्हर आता कृषी सेवा केंद्रांत डझनभर नावांनी मिळतं. पिशवीवर काहीही छापलेलं असलं तरी आत माल साधारण एकच असतो: पॉलिप्रॉपिलीनचं न विणलेलं कापड, बहुतेक वेळा 17 जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला 17 ग्रॅम वजनाचं), पन्हा 1.6 मीटर. त्यामुळे इथे कुठल्या एका नावाला गुण देत बसलेलो नाही, मालच तपासला आहे. विकणारा सांगतो की थंडी, कीड आणि ऊन या तिन्हींपासून हे कापड पिकाला वाचवतं. पहिली दोन कामं ते चांगली करतं. उन्हाचं म्हणाल तर लागवडीनंतरचे पहिले सात-आठ दिवस ते कोवळ्या रोपाला तिरीप आणि झळ लागू देत नाही, पुढे पारा चढला की मात्र तेच कापड आत हवा कोंडून रोप शिजवतं. म्हणून रोल घेण्याआधी लागवडीची तारीख पक्की करावी लागते.

तारीख उलटी मोजायची. लागवडीपासून 28 ते 32 दिवसांनी पहिला फुलांचा घोस येतो आणि 60 ते 70 दिवसांनी पहिला तोडा. फळ धरायला रात्री 15 ते 20 अंश सगळ्यात चांगल्या. दिवसा पारा 35 च्या वर जाऊ लागला आणि रात्रीही 22 च्या खाली येईना, की परागकण निकामी होतात, फुलं देठातून गळतात. खतं आणि टॉनिकं ओतून ती थांबत नाहीत. म्हणजे पहिले तीन-चार घोस तरी त्या आधी धरले पाहिजेत. विदर्भात मार्चच्या मध्यालाच कडाका सुरू होतो, तिथे डिसेंबरअखेर ते जानेवारीचा मध्य हीच वेळ. मराठवाड्यात जानेवारीचा दुसरा पंधरवडा. जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात एप्रिलच्या रात्रीही त्या मानाने गार राहतात, म्हणून तिथे फेब्रुवारीअखेरपर्यंत, काही जण त्याही पुढे जातात. कोकण आणि गोव्याचं गणितच वेगळं. तिथे थंडीचा प्रश्न नाही, दमट हवेत कापडाखाली बुरशी वाढते, आणि जांभ्या जमिनीतल्या जिवाणूजन्य मरीवर कापडाचा काही उपाय नाही. तिथे यावर पैसे घालू नका.

आता दिनदर्शिकेवर तरी किती विसंबायचं? भारतीय हवामान विभागाच्या नोंदींत देशाच्या सरासरी कमाल तापमानात मार्च 2022 हा 1901 पासूनचा सगळ्यात तापलेला मार्च ठरला, आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारी 2023 हा सगळ्यात तापलेला फेब्रुवारी. उलट निफाडकडे जानेवारीत पारा 5-6 अंशांवर येतो. 2014 मध्ये फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत गारपिटीने राज्यभर उभी पिकं झोपवली. अशा हवेत फेब्रुवारीच्या मध्याची लागवड 'सुरक्षित' म्हणणं धाडसाचं आहे. कापडाचा खरा उपयोग इथे आहे: लागवड जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ओढता येते. रात्री आत साधारण एक-दोन अंश ऊब राहते, मुळं चालत राहतात आणि रोप बसून राहत नाही. मिळणारे पंधरा दिवस हे आधीचे, थंडीकडचे. हंगामाच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे मार्चच्या मध्यानंतर लागवड करून कापड घातलं, तर ते फार तर आठवडाभर ठेवता येतं आणि खर्च निघत नाही.

थंडीपेक्षाही मोठा फायदा व्हायरसपासून बचावाचा. पांढरी माशी पर्णगुच्छ आणते, फुलकिडे टोस्पो विषाणू आणतात, मावा काकडी मोझॅक आणतो. 2020 च्या उन्हाळ्यात फळांवर पिवळे-तांबडे पट्टे पडणारा जो प्रकार 'तिरंगा' म्हणून गाजला, त्यात काकडी मोझॅकचाच हात सापडला होता. मावा हा विषाणू एका टोचणीत सोडतो, फवारणीने मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. रोप जितकं लहानपणी लागण घेतं तितकं नुकसान जास्त. म्हणून पहिले 25 दिवस कीड रोपापर्यंत पोचूच न देणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि 17 जीएसएमचं कापड तो नीट करतं. अट एकच: कापड लागवडीच्याच दिवशी पडलं पाहिजे. चार दिवसांनी घातलं तर माशी आत, आणि तिचे शत्रू बाहेर.

खरेदीचा हिशेब. पाच फुटांवर बेड (गादीवाफे) असतील तर एकरी 8,712 फूट, म्हणजे सुमारे 2,650 मीटर ओळ होते. दोन्ही टोकांचं आणि फाटाफुटीचं धरून 2,750 मीटर घ्या. दुकानदार मीटरवर भाव सांगतो, लगेच तिथेच गुणाकार करा. रोल वजन करून घ्यावा. 1.6 मीटर पन्ह्याचं खरं 17 जीएसएम कापड मीटरला 27 ग्रॅम भरतं. 400 मीटरचा रोल आतली नळी सोडून पावणेअकरा किलोच्या वर हवा. नऊ किलो भरला तर ते 14 जीएसएमचं आहे, नाहीतर मीटर कमी आहेत. काट्यावर ठेवा म्हटलं की काही दुकानदारांचा चेहरा बदलतो, तेवढीही परीक्षा पुरते. अतिनील किरणांची प्रक्रिया केलेलं आहे का, हे डोळ्यांना कळत नाही. बिलावर लिहून घ्या.

कापडाबरोबर कमानींचाही खर्च मोठा असतो, हे कुणी आधी सांगत नाही. दर दोन मीटरला एक धरली तर एकरी सुमारे 1,325 कमानी. प्रत्येकी साडेपाच फूट तार लागते, त्यातली दोन्हीकडे 20 सेंटिमीटर जमिनीत. 10 गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार घेतली तर दीडशे किलोच्या आसपास. तार वर्षानुवर्षं टिकते, पण पहिल्या वर्षी पोटात गोळा येतो. बांबूच्या कामट्या स्वस्त, फक्त पेरं आणि कडा विळ्याने तासून घ्या. एक कुसळ राहिलं तरी मार्चच्या वाऱ्यात तिथून कापड दोन फूट फाटतं.

1.6 मीटर पन्ह्याची मोठी अडचण उंचीची. दोन्ही कडा 15-15 सेंटिमीटर मातीत गाडल्यावर वर 1.3 मीटर उरतं. पायथा दोन फूट ठेवला तर मधली उंची जेमतेम पावणेदोन फूट मिळते. कलिंगडाला ती भरपूर, टोमॅटो मात्र 25 ते 28 दिवसांत शेंडा टेकवतो. टेकलेला शेंडा दुपारी करपतो आणि पावसात ओल्या कापडाला चिकटून राहतो. याहून मोठा पन्हा जवळपास मिळत असेल तर जास्त पैसे देऊनही तोच घ्यावा.

घालण्याची पद्धत. बेड, ठिबक आणि 25 किंवा 30 मायक्रॉनचा मल्चिंग पेपर (बेडवर अंथरायचा प्लास्टिकचा कागद) आधी. पेपर नसेल तर कापड घालू नका. आत तण माजतं आणि खुरपायला उघडलं की सगळं मुसळ केरात. सव्वा फुटावर एकरी सुमारे 7,000 रोपं बसतात, 200-250 जादा घेऊन ती जाळीतच ठेवा, मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भरायला लागतात. रोप थंडीत 28-30 दिवसांचं, ऊब असेल तर 22-25 दिवसांचं, चार-पाच पानांचं. ट्रेमध्येच कळी दिसत असेल तर परत करा. पान उलटं करून बघा: नर्सरीतूनच पांढरी माशी आली तर तुम्ही तिच्यासाठी एकरभर घर बांधताय. लागवड दुपारी चारनंतर, पाणी, आळवणी (मुळाशी औषधाचं पाणी), लगेच कमानी आणि संध्याकाळपर्यंत कापड. कडांवर दगड ठेवून भागत नाही, सलग मातीची भर द्या.

पाणी कमी करा. कापडाखाली बाष्पीभवन घटतं, पण ठिबकचे तास नेहमीचेच राहतात, आणि आठव्या-दहाव्या दिवशी रोपं खोडाशी काळी पडून कोलमडू लागतात. मग दोष नर्सरीला. मल्चिंगच्या भोकातून बोट खुपसून माती चिकटली तर त्या दिवशी पाणी नको. अवकाळी पाऊस कापडातून आरामात आत येतो; थांबल्यावर त्याच दिवशी दुपारी वाऱ्याच्या उलट बाजूची कड दोन-तीन तास उचलून ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी करपा. आणि गारपीट? 17 जीएसएमला चाळण पडते. विक्रेता 'गारांपासूनही संरक्षण' म्हणत असेल तर दुसरं दुकान बघा.

काढण्याची वेळ इथे सगळ्यात जास्त चुकते. कलिंगडात मधमाशीसाठी कापड काढावंच लागतं, म्हणून तिथे कुणी विसरत नाही. टोमॅटोला मधमाशीची गरज नाही, फूल हलवायला वारा पुरतो. पण कापडाखाली वाराही नसतो. एक साधा थर्मामीटर आत रोपाच्या उंचीवर, सावलीत टांगा. पहिला घोस उमलू लागला, शेंडा कापडाला लागला, किंवा दुपारी दोनला आत 38 अंश सलग दोन दिवस दिसले, यांतलं जे आधी होईल तेव्हा कापड काढा. वीसाव्या दिवशी झालं तर वीसाव्या दिवशी. 'पैसे घातलेत, महिनाभर तरी ठेवू' म्हणणाऱ्याच्या प्लॉटमध्ये पेरं लांबलेली, खोड पोकळ, पहिला घोस रिकामा.

काढायचं ते एका झटक्यात नको. पहिल्या दिवशी चारनंतर एक कड उघडून सकाळी नऊला परत झाका, तिसऱ्या दिवसापर्यंत झाकण्याची वेळ अकरावर न्या, चौथ्या संध्याकाळी पूर्ण काढा. त्याआधी पाणी द्या. बांबू आणि तार आधीच आणून ठेवलेली हवीत, कारण आत वाढलेलं खोड मऊ असतं आणि दोन दिवसांत बांधणी झाली नाही तर वाऱ्यात लोळतं. चिकट सापळे त्याच संध्याकाळी लावा.

एक मोठी चूक राहिली. मागच्या हंगामात टोमॅटोच असलेल्या जमिनीत हे कापड घालू नका. टुटा नागअळी, जी 2014 मध्ये पुण्याकडे पहिल्यांदा आढळली, कोष मातीतही करते. पतंग कापडाखालीच बाहेर पडतो, तिथेच अंडी घालतो, आणि कापड उघडेपर्यंत पानांवर पांढरे फुगे कुणाला दिसतही नाहीत.

दुसऱ्या हंगामासाठी वापर होतो का? सावलीत घडी घालून उंदरांपासून जपलं तर निम्मं कापड कामाला येतं, तेही छोट्या प्लॉटला. बोटाने ताणून बघा: कागदासारखं टरकन फाटलं तर ते संपलं. बांधावर पेटवू नका, वितळून मातीत गोळे होतात आणि पुढच्या नांगरटीला फाळाला गुंडाळतात.